वाचकांचे प्रश्न : हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं राहून गेलेले पाळक

गेल्या अंकात रेव्हरंड जेम्स लॉसन यांच्यावर जेमतेम अर्धं पान दिलं होतं, की अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीतले हे मोठे नेते, मेथडिस्ट चर्चचे पाळक, तरुणपणी नागपूरला राहून गेले आणि ९ जून २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये ९५ व्या वर्षी वारले. एवढंच. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि एकदोन पत्रांतला तिखटपणा थोडा कमी केलाय, रागावू नका.

प्रश्न (नागपूर, हिस्लॉपचे माजी विद्यार्थी) : दादा, आम्ही त्याच कॉलेजात शिकलो पण कुणी कधी सांगितलंच नाही हो. आता एक फॉरवर्ड फिरतोय की लॉसन नागपूरला आले, गांधीजींचे शिष्य झाले आणि इथून अहिंसा अमेरिकेला घेऊन गेले. खरं काय?

उत्तर : अर्धं खरं. आले, १९५३ ते १९५६ राहिले, हिस्लॉपमध्ये मुलांना शिकवायचे, त्यांच्यात मिसळायचे आणि खेळांचे कोच होते, इथपर्यंत बरोबर. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गांधीजी जाऊन पाच-सहा वर्षंच झालेली, सेवाग्राम जवळच, त्यांच्यासोबत काम केलेली माणसं अजून हिंडतीफिरती होती, त्यातल्या काहींना लॉसन भेटले, त्यांच्याकडून ऐकलं, समजून घेतलं.

पण इथे येऊन शिष्य झाले हे पटत नाही. नागपूरला उतरले तेव्हा हा माणूस पंचविशीतला आणि जेल भोगून आलेला. कोरियाचं युद्ध चालू असताना सैन्यभरतीची कार्डं त्यांनी सरकारला परत पाठवली होती. विद्यार्थी म्हणून किंवा होणारा पाळक म्हणून सूट सहज मिळाली असती, तीही मागितली नाही, कारण सूट मागायची म्हणजे तो कायदाच मान्य करायचा. १९५१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले १३ महिने आत काढले. गांधीजी त्यांनी ओहायोत कॉलेजात असतानाच वाचलेले. चर्चने हिस्लॉपला पाठवलं ते या सगळ्यानंतर.

आणि त्याच्याही मागे जायचं तर घरात जावं लागेल. वडील पण पाळक, पण अमेरिकेच्या दक्षिणेत असताना कमरेला पिस्तूल लावून फिरणारे, कुणी अंगावर आलं तर सोडणार नाही असे. आई जमैकाची, तिचं बरोब्बर उलट. जिमी प्राथमिक शाळेत असताना ओहायोतल्या मॅसिलॉन गावात रस्त्यावर एका गाडीतून एका गोऱ्या पोराने त्यांना काळ्यांना देतात ती घाणेरडी शिवी दिली, यांनी जाऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि घरी येऊन मोठ्या रुबाबात आईला सांगितलं. ती स्वयंपाक करत होती, पाठ न वळवता म्हणाली, त्याने काय भलं झालं जिमी? यापेक्षा चांगला मार्ग असणारच. लॉसन म्हातारपणापर्यंत सांगायचे की माझं आयुष्य तिथे वळलं. आता यात गांधी कुठे आणि नागपूर कुठे? येशूची शिकवण आणि आई, हे त्यांचे पहिले दोन गुरू, गांधीजी तिसरे. त्यांनी स्वतः हा क्रम कधी लपवला नाही, आपणच उगाच बदलतो.

मग नागपूरने काही दिलंच नाही का? दिलं की. इथे त्यांना कळलं की हे एकट्या महात्म्याचं काम नव्हतं, हजारो साध्या माणसांना तयार करावं लागलं होतं, शिबिरं, शिस्त, नियम, कोण कुठे उभं राहणार, कोण आधी जेलमध्ये जाणार. पुढे अमेरिकेत त्यांनी जे उभं केलं त्यात ही तयारी ठासून भरलीय, आणि माझ्या मते नागपूरचं खरं देणं हेच, फॉरवर्डमधलं नव्हे.

एक गोष्ट मात्र नक्की आपली. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसमधल्या वंशभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला ही बातमी लॉसननी नागपूर टाइम्समध्ये वाचली. वाचून अक्षरशः नाचले, की जे मी इतकी वर्षं बोलतोय ते माझ्या देशात सुरू झालं! १९५६ मध्येच परत गेले. त्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा लॉसन ओहायोत ओबरलिनला पुन्हा विद्यार्थी होऊन बसले होते. कुणाच्या घरी कॉलेजच्या त्या तीन वर्षांच्या जुन्या मासिकाचे अंक असतील तर फोटो पाठवा, नक्की छापू.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी) : सर, नॅशव्हिलमध्ये ते 'अहिंसेची वर्कशॉप' घ्यायचे असं लिहिलंय. वर्कशॉपमध्ये नक्की काय शिकवणार? मार खा आणि गप्प बसा, एवढंच ना?

उत्तर : बरं झालं विचारलंस, कारण हा प्रश्न अर्ध्या पत्रांत आहे, फक्त बाकीच्यांनी तो टोमणा म्हणून मारलाय.

आधी ते तिथे कसे पोचले ते सांगतो. फेब्रुवारी १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ओबरलिनला भाषणाला आले. दोघंही २८ वर्षांचे, लॉसन काही महिन्यांनी मोठेच. गप्पांत नागपूरचा विषय निघाला, जेलचा निघाला, लॉसन म्हणाले शिक्षण संपलं की दक्षिणेत काम करायला येणार आहे, तर किंग म्हणाले थांबू नकोस, आत्ता ये, तुझ्यासारखा माणूस आमच्याकडे नाही. मग लॉसन फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संघटनेचं काम घेऊन १९५८ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले आणि तिथल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत धर्मशास्त्रालाही नाव घातलं.

आंदोलन कशावर करायचं हे त्यांनी ठरवलं नाही, लोकांना विचारलं. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, दुकानात आमचे पैसे चालतात, साड्या (बरं, फ्रॉक) घेताना चालतो, पण दिवसभर पोराबाळांना घेऊन खरेदी करताना बसायला जागा नाही, पोराला सँडविच खाऊ घालायला काउंटर नाही, बाथरूम नाही. मोठ्या दुकानांत तेव्हा लंच काउंटर असायचा, उंच स्टुलं, तिथे फक्त गोऱ्यांनी बसायचं. झालं, टार्गेट ठरलं. मला हे फार आवडतं, कारण चळवळीचा विषय पुढाऱ्याच्या डोक्यातून न येता खरेदीला गेलेल्या आईच्या पायदुखीतून आला.

मग १९५९ च्या पावसाळ्यानंतर (तिकडे पावसाळा नसतो, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास) दर मंगळवारी संध्याकाळी क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चमध्ये क्लास. फिस्क युनिव्हर्सिटी, टेनेसी स्टेट, मेहॅरी मेडिकल कॉलेज आणि अमेरिकन बॅप्टिस्ट या शिक्षणसंस्थांतली पोरं यायची. पहिले काही आठवडे नुसतं वाचन आणि चर्चा, गांधी, येशू, थोरो, जगभरचे सत्याग्रह. नंतर रोल प्ले. अर्ध्या पोरांनी गोऱ्या गुंडांचा पार्ट करायचा, म्हणजे खरोखर शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्ची ओढायची, ढकलून पाडायचं, आणि बाकीच्यांनी बसून राहायचं. पडल्यावर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, अंगाची गुंडाळी कशी करायची, मित्राला चौघं मारत असतील तर मध्ये आपलं अंग कसं घालायचं म्हणजे मार वाटला जाईल, मारणाऱ्याच्या डोळ्यात बघत कसं राहायचं. ज्याला जमत नाही, हात उचलला जाईल असं वाटतं, त्याला काउंटरवर पाठवायचं नाही, दुसरं काम द्यायचं, गाड्या चालव, फोन सांभाळ, पत्रकं छाप. कमीपणा कशातच नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये दोन मोठ्या दुकानांत ट्रायल घेतली, नुसतं जायचं, बसायचं, नाही म्हणाले की का नाही हे मॅनेजरला विचारायचं आणि परत यायचं. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार काळ्या पोरांनी असाच काउंटरवर ठिय्या, म्हणजे सिट-इन केला आणि देशभर गाजला, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं तिथून सुरू झालं, पण नॅशव्हिलची फौज तोपर्यंत तयार बसलेली. १३ फेब्रुवारीला बर्फात शंभरावर पोरं शहरातल्या दुकानांत जाऊन बसली, मुलं कोट-टायमध्ये, मुली व्यवस्थित ड्रेसमध्ये, समोर पुस्तकं उघडून अभ्यास. २७ तारखेला गुंड सोडले अंगावर, पोरांना स्टुलांवरून खेचलं, सिगारेटी विझवल्या अंगावर, आणि पोलिसांनी अटक कुणाला केली तर मार खाणाऱ्यांना, ८० च्या आसपास. पण एक गट उचलला की दुसरा येऊन त्याच स्टुलांवर बसायचा, त्यांना नेलं की तिसरा, पोलीस वैतागले. कोर्टाने ५० डॉलर दंड ठोठावला तर पोरांनी भरायला नकार दिला, जेलच द्या म्हणाली.

दोन पोरांनी, जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेत, एक नियमांचा कागद काढला होता, सायक्लोस्टाइल करून वाटलेला. कुणी मारलं किंवा शिवी दिली तरी उलट करू नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, असे. आता सांग, याला गप्प बसणं म्हणतात का? हे एखाद्या गोविंदा पथकासारखं आहे, वर चढणारा एक दिसतो पण महिनाभर सराव सगळ्यांनी केलेला असतो.

आणि एकट्या मारावर भागलं नाही. ईस्टरच्या आधी, म्हणजे तिकडची दिवाळीची खरेदी समज, काळ्या लोकांनी शहरातल्या दुकानांवर बहिष्कार टाकला, गोऱ्या बायकाही भांडणाला घाबरून बाजारात येईनात, गल्ले रिकामे. १९ एप्रिलला पहाटे पोरांचे वकील झेड. अलेक्झांडर लुबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला, नवरा-बायको नशिबाने वाचले. त्याच दिवशी हजारो लोक चालत सिटी हॉलला गेले, मूक मोर्चा. डायन नॅश नावाच्या पोरीने पायरीवर महापौर बेन वेस्टना सरळ विचारलं, माणसाच्या रंगावरून भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? आणि त्यांच्याच्याने हो म्हटल्याशिवाय राहवलं नाही. १० मेला सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांना खुले झाले.

त्या क्लासमधली पोरं पुढे कोण झाली बघ. लुईस ३० वर्षांहून जास्त काळ अमेरिकन संसदेत, मॅरियन बॅरी वॉशिंग्टनचे महापौर, नॅश, बेव्हेल, लाफायेत, सी. टी. व्हिव्हियन यांच्याशिवाय तर त्या चळवळीचा इतिहासच लिहिता येत नाही. एका शहरातली एका मास्तरची एवढी बॅच मला तरी दुसरी माहीत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : मार खाणं समजलं, पण राग? समोरचा थुंकला तर काय करायचे हो हे लोक?

उत्तर : हे लॉसनसोबतच घडलंय. नॅशव्हिलमध्ये रस्त्यावर काळ्या लेदर जॅकेटवाली गोरी पोरं त्यांच्या एका साथीदाराला मारत होती, लॉसन मध्ये गेले, त्यांच्यातला म्होरक्या यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन त्याला म्हणाले, रुमाल आहे का? त्याने गडबडून खिशातून काढून दिला पण! यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला, आणि जॅकेट बघून विचारलं, मोटरसायकल आहे का तुझ्याकडे, की गाडी? तो म्हणाला मोटरसायकल. मग इंजिनला काय काय केलंय, कशी पळते, दोन मिनिटं तेच, आणि तेवढ्यात मार खाल्लेला साथीदार उठून उभा राहिला होता आणि सगळे पुढे चालायला लागले. मला विचाराल तर हे संतपण कमी आणि प्रसंगावधान जास्त. समोरच्याने ठरवलेल्या नाटकातला आपला डायलॉग बोलायचाच नाही, बस.

प्रश्न (अहिल्यानगर) : आमच्या घरात तीन पिढ्या पाळक आहेत म्हणून विचारते. उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, आजाऱ्यांच्या भेटी यातच पाळकसाहेबांचा दिवस जातो. लॉसन मोर्चे काढत होते तर मंडळी काही म्हणत नव्हती? की नावालाच पाळक?

उत्तर : ताई, नावाला अजिबात नाही. १९६२ पासून टेनेसीतल्याच मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चमध्ये १२ वर्षं, मग १९७४ पासून १९९९ ला निवृत्त होईपर्यंत लॉस एंजेलिसच्या हॉलमन चर्चमध्ये २५ वर्षं, म्हणजे जवळपास ४० वर्षं दर रविवारी उपदेश, मयती, बारसे (तुमचे बाप्तिस्मे), नवरा-बायकोची भांडणं सोडवणं, सगळं. घरी बायको डोरोथी, लग्न १९५९ चं, तीन मुलगे. मंडळीतले काही कुरकुरायचेच, कुठल्या मंडळीत कुरकुरत नाहीत.

पण एक लक्षात घ्या, की ज्या मेथडिस्ट चर्चचे ते पाळक होते त्या चर्चमध्येच काळ्या मंडळ्यांसाठी १९३९ पासून वेगळी शाखा होती, सेंट्रल ज्युरिस्डिक्शन, ती पार १९६८ ला बंद झाली. म्हणजे काउंटरवर वेगळं आणि देवाच्या दारातही वेगळं! अशा चर्चमध्ये प्रभूभोजन देणाऱ्या माणसाने बाहेरच्या भेदावर बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं? त्यांच्या दृष्टीने उपासना आणि मोर्चा ही दोन कामं नव्हतीच. त्या काळात काळ्या पाळकाला एक सोय पण होती जी शिक्षकाला किंवा नोकरदाराला नव्हती, त्याचा पगार त्याची मंडळी द्यायची, गोरा मालक त्याला काढू शकत नव्हता. म्हणून चळवळीत इतके पाळक पुढे दिसतात. यात श्रद्धा आहेच, पण पोटापाण्याचा हिशोब पण आहे, तो सांगायला आपण का लाजतो कळत नाही.

प्रश्न (ठाणे) : व्हँडरबिल्टने त्यांना काढलं होतं म्हणे?

उत्तर : हो. ३ मार्च १९६०, डिग्रीला काही महिने राहिलेले. विश्वस्त मंडळात तिथल्या एका पेपरचे मालक होते आणि तो पेपर यांच्या नावाने रोज खडे फोडत होता. काढल्यावर धर्मशास्त्राच्या बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे पुढे केले, देशभर छीथू झाली. लॉसननी त्याच वर्षी बॉस्टन युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतली आणि विषय संपवला. २००६ मध्ये व्हँडरबिल्टने जाहीर माफी मागितली आणि त्यांना शिकवायला बोलावलं, तर हे गेले पण! मी गेलो नसतो बहुतेक. नंतर आपली सगळी कागदपत्रंही त्यांनी त्याच युनिव्हर्सिटीला देऊन टाकली.

प्रश्न (सोलापूर, महापालिकेतून निवृत्त) : मी सफाई खात्यात आयुष्य काढलंय. मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाबद्दल जरा सविस्तर लिहा. आणि लॉसननी बोलावलं म्हणून किंग तिथे गेले आणि मारले गेले, हे खरं का?

उत्तर : काका, तुमच्यासाठी सविस्तरच. १ फेब्रुवारी १९६८, मुसळधार पाऊस. इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या तोंडात बसले, कारण दुसरीकडे कुठे थांबायची सोय नव्हती. दाबयंत्र आपोआप चालू झालं आणि दोघं चिरडून मेले. गाड्या जुनाट आहेत म्हणून तक्रारी आधीच झालेल्या. त्याच सुमाराला पावसाचं कारण सांगून काळ्या कामगारांना बिनपगारी घरी पाठवलं आणि गोऱ्या सुपरवायझरांना पगार चालू, हेही झालेलं. पूर्ण वेळ राबूनही कित्येक घरं सरकारी मदतीवर जगत होती. १२ फेब्रुवारीला जवळपास १३०० माणसं कामावर गेली नाहीत. महापौर हेन्री लोब म्हणाले संप बेकायदा, युनियन मानणार नाही, विषय संपला.

२३ तारखेला शांत मोर्चावर पोलिसांनी डोळ्यात जळजळ होणारा मेस फवारला, त्यात पाळकमंडळी पण सापडली, आणि गंमत बघा, तोपर्यंत हा कामगारांचा प्रश्न आहे म्हणून लांब असलेले कितीतरी पाळक दुसऱ्या दिवशी आत आले. कम्युनिटी ऑन द मूव्ह फॉर इक्वॅलिटी अशी समिती झाली, लॉसन अध्यक्ष. पगार, युनियन, युनियनच्या वर्गणीची पगारातून कपात हे मुद्दे होतेच, पण लॉसननी भाषणात मांडलं की वंशभेदाच्या मुळाशी एकच कल्पना आहे, की हा माणूस माणूसच नाही. ते फलक तुम्ही फोटोत पाहिले असतील, रांगेत उभे कामगार आणि प्रत्येकाच्या छातीवर 'आय ॲम अ मॅन', मी माणूस आहे. सफाईच्या माणसाला वेगळं समजवायला नको.

किंगना बोलावलं ते लॉसननीच. १८ मार्चला आले, हजारोंची सभा झाली, मोर्चाला परत येतो म्हणाले. मध्येच मेम्फिसमध्ये कधी पडत नाही एवढा बर्फ पडला आणि मोर्चा पुढे गेला. २८ मार्चला निघाला तर मागच्या बाजूला काही पोरांनी काचा फोडल्या, पोलीस तुटून पडले, लॅरी पेन नावाचा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. लॉसननी भोंग्यावरून मोर्चा मागे फिरवायला सांगितला आणि किंगना तिथून काढलं. पेपरवाले किंगवर तुटून पडले की यांच्याच्याने अहिंसक मोर्चा निघत नाही. म्हणून ते परत आले, शांततेत मोर्चा काढून दाखवायला. ३ एप्रिलच्या रात्री जे शेवटचं भाषण केलं त्यात लॉसनचं नाव घेऊन कौतुक केलं, की हे लढून जेलमध्ये गेले, व्हँडरबिल्टमधून काढले गेले आणि तरी लोकांसाठी लढतायत. ४ एप्रिलला संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत गोळी लागली.

तर बोलावलं म्हणून गेले हा दोष लावायचा का? मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. किंगच्या जिवावर कितीतरी वर्षं टपलेले लोक होते, त्यांच्या घरावर माँटगोमेरीत बॉम्ब पडलेला, न्यूयॉर्कमध्ये छातीत सुरा खुपसलेला. आणि त्या संध्याकाळी लॉसननी काय केलं तर रेडिओ-टीव्हीवर जाऊन शहराला शांत राहायला सांगितलं. शंभरावर शहरांत दंगे उसळले. ८ एप्रिलला किंगच्या पत्नी कोरेटा स्वतः मेम्फिसच्या मूक मोर्चात चालल्या आणि १६ एप्रिलला महापालिकेने युनियन मानली, पगार वाढवले. ज्या कामासाठी बोलावलं होतं ते झालं.

प्रश्न (बरेच जण) : किंगच्या खुन्याचं लग्न त्यांनी लावलं, हे कसं काय?

उत्तर : जेम्स अर्ल रे. आधी गुन्हा कबूल केला, तीन दिवसांत कबुली मागे घेतली, आणि मरेपर्यंत ९९ वर्षांची शिक्षा भोगत होता. लॉसन त्याला जेलमध्ये भेटायला जायचे आणि १९७८ मध्ये जेलमध्येच त्याचं लग्न त्यांनी लावलं. १९९८ ला तो मेला तेव्हा प्रार्थनेलाही हजर होते. यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. एक, लॉसनची खात्री होती की खरे गुन्हेगार वेगळे आहेत, रेला पुढे केलंय. किंगच्या बायकोचं आणि मुलांचंही तेच मत होतं. सरकारी तपासात मात्र दरवेळी गोळी झाडणारा रेच निघाला, त्यामुळे तुम्हाला लॉसनचं पटलंच पाहिजे असं नाही. दुसरी, रेने मारलं असतं तरी ते गेलेच असते असं मला वाटतं, कारण कैद्याला भेटणं हे पाळकाचं काम आहे आणि हे स्वतः कैदी राहून आलेले. एका वाचकाने लिहिलंय की हा भाबडेपणा आहे. असेल. पण जवळचा मित्र मेल्यावर असला भाबडेपणा करून दाखवायला फार मोठी छाती लागते राव.

प्रश्न (संभाजीनगर) : थोडक्यात हे किंगचे शांत, मवाळ असिस्टंट होते ना? आमच्या दृष्टीने मवाळ लोकांनी काही होत नाही.

उत्तर : असिस्टंट पण नाही आणि मवाळ तर मुळीच नाही. किंगनी त्यांना जगातले अहिंसेचे आघाडीचे विचारवंत आणि डावपेच आखणारे म्हटलंय. एप्रिल १९६० मध्ये रॅले शहरात ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांनी विद्यार्थ्यांचं संमेलन घेतलं, तिथून एसएनसीसी, म्हणजे स्निक, ही विद्यार्थ्यांची संघटना निघाली. तिचा उद्देश काय हे मांडणारा जाहीरनामा लॉसननी लिहिलेला. त्याच संमेलनात त्यांनी एनएएसीपी या सगळ्यात जुन्या आणि वजनदार संघटनेला तोंडावर सुनावलं, की तुम्ही नुसत्या कोर्टात केसेस लढता, तुमचं मासिक तर काळ्या उच्चभ्रूंचं मासिक आहे. मोठी माणसं भयंकर चिडली. १९६१ च्या फ्रीडम राइडमध्ये (बसमधला भेद मोडायला काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून केलेला प्रवास) माँटगोमेरीहून मिसिसिपीला निघालेल्या पहिल्या बसमध्ये हे होते, जॅक्सनला उतरल्याबरोबर अटक. मवाळ माणूस दोन्ही बाजूंना सांभाळून घेतो, यांनी कुणालाच सांभाळून घेतलं नाही, फक्त हात उचलला नाही.

तुमच्या पत्रातला दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे, की अहिंसा चालायला समोर पेपर, टीव्ही, कोर्ट असं काहीतरी असावं लागतं. हे लॉसननाही माहीत होतं, म्हणून तर बहिष्कार आणि गल्ल्यावर घाव. दुकानदाराचं मन बदलायची वाट बघत ते कधी बसले नाहीत.

प्रश्न (कॅलिफोर्निया, आयटी) : मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो, इथे त्यांचं काय काम आहे?

उत्तर : भरपूर आहे आणि मराठीत कुणी लिहीत नाही. हॉलमन चर्चमध्ये आल्यावर ते ऑफिसं झाडणारे, हॉटेलात चादरी बदलणारे, स्वयंपाकघरात राबणारे अशा लोकांच्या लढ्यात उतरले, त्यात बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, कित्येकांकडे कागदपत्रं नाहीत. कामगारांचे पुढारी त्यांच्याकडून नॅशव्हिलवालाच अभ्यास शिकले, कसं बसायचं, अटक कशी करून घ्यायची, आधी तयारी किती करायची. १९९६ मध्ये वेगवेगळ्या धर्मांच्या पुरोहितांना घेऊन क्लू नावाची संघटना काढली, पाळक, रब्बी, सगळे हॉटेलवाल्यांच्या दारात. पुढच्याच वर्षी शहराने आपल्या कंत्राटदारांसाठी किमान जगण्याइतक्या पगाराचा नियम केला. समलिंगी लोकांना चर्चमध्ये समान जागा मिळावी म्हणून ते स्वतःच्या चर्चविरुद्धही बोलले.

तिथल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत त्यांनी वर्षानुवर्षं अहिंसा हा विषय शिकवला, नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा वर्ग घेत होते. मॅकआर्थर पार्कजवळ युनिव्हर्सिटीच्या लेबर सेंटरची जी बिल्डिंग आहे तिला २०२१ मध्ये त्यांचं नाव दिलंय, तुम्हाला तिथून जाता येईल. तिथे आजही घरकाम करणारे, गाड्या धुणारे, रेस्टॉरंटमधले कामगार यांच्यासाठी कार्यक्रम होतात. आणि कधी टेनेसीला गेलात तर नॅशव्हिलमध्ये २०२३ पासून त्यांच्या नावाचं सरकारी हायस्कूल पण आहे.